वरच्या मॅडम

मे महिन्यात आमच्या नेरला दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा दुपारी कॉलेजच्या व्हरांड्यात उभं राहून कोणी सहज म्हणायचं, "आज लयच तापून राह्यलं बाप्पा." तिथून जाणाऱ्या मॅडम थांबायच्या आणि अगदी मनापासून विचारायच्या, "कुठचं म्हणता?" समोरचा गोंधळायचा. "म्हणजे... इथचं. नेरचं." मग मॅडम म्हणायच्या, "इथचं तर हायेच शेहेचाळीस. पण नेरच्याच सतरा किलोमीटर वर जा, उणे पंच्याहत्तर हाये. स्वेटर लागन." यात चेष्टा नसायची. त्यांच्या लेखी नेर हे गाव जमिनीपासून सुरू होऊन तीस-पस्तीस किलोमीटर उंचीपर्यंत गेलेलं होतं आणि आम्ही सगळे त्याच्या तळमजल्यावर राहत होतो.

त्यांचं नाव रझिया. पण प्राचार्यांपासून पाणी भरणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना वरच्या मॅडम म्हणायचे. नव्या पोरांची यात हमखास फसगत व्हायची. 'वरच्या मॅडमकडे जा' म्हटलं की पोरगं जिना चढून थेट गच्चीच्या कुलपापर्यंत जायचं आणि घामाघूम होऊन परत यायचं. मॅडम बसायच्या खालीच, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, सायकल स्टँडकडच्या खिडकीशी. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर, एक स्टीलचा डबा आणि भिंतीवर यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा. तो नकाशा त्यांनी मुद्दाम उंचावर, छताला टेकेल असा लावला होता.

त्या मूळच्या नेरच्याच. त्यांच्या अब्बांचं बसस्थानकाजवळ मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी घेऊन तिथे यायचे. माझे बाबा आणि माझा मोठा भाऊ दिनेशदादा त्यांच्याकडे जायचे ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. त्यामुळे मी एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी त्यांच्याकडे जाते म्हटल्यावर आमच्या घरात कुणी फार चौकशी केली नाही. "वाइंडिंगवाल्या चाचाची पोरगी ना? मंग काय, घरचीच हाये," असं म्हणून बाबांनी होकार दिला होता. मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं. धाकटी बहीण नसीम लग्न होऊन पुसदला गेली होती. घरात अब्बा आणि त्या, एवढेच.

त्यांचं काम होतं स्थितांबराचं. आपण ज्या हवेत राहतो, ढग ज्या हवेत बनतात, तिच्याही वरचा तो थर. तिथे पाऊस नाही, ढग जवळजवळ नाहीत. त्या थराचं तापमान किती आणि ते किती खालीवर होतं, हे मॅडम उपग्रहांच्या नोंदींवरून काढायच्या. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे समजावलं ते फळ्यावर नाही. भर दुपारी मला अमरावती रोडला नेलं आणि लांबून येणारी एसटी दाखवली. तापलेल्या डांबरावर ती बस पाण्यातल्यासारखी हलत होती. "पाय बरं. बस काहून हलून राह्यली? बस तर सीधी येऊन राह्यली. मधली हवा कुठं गरम, कुठं कमी गरम, म्हणून उजेड वाकून राह्यला. तसंच एक उपग्रह दुसऱ्याले रेडिओची लहर पाठवते, ती आपल्या हवेच्या कडेतून जाताना वाकते. किती वाकली थे मोज, अन् हवा किती थंड थे सांगता येते. हात न लावता." मग त्यांनी ओढणीनं घाम पुसला आणि म्हणाल्या, "हात न लावता ताप पाह्यची युक्ती हाये ही."

रोज कॉलेजात आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आज आपल्यावरून गेलं का?" उपग्रहांच्या मोजण्या साऱ्या जगात इकडेतिकडे पडत. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला त्यातली एखादी कधीतरी यायची. जगात कुठेतरी समुद्रावर झालेल्या मोजण्या सोडून त्या वणी, पुसद, नेर असं शोधत बसायच्या. सापडली की चेहरा असा व्हायचा, जणू घरी पाहुणे आले. त्या आलेखाची रेघ वर जाताना सरळ नसायची. तिला बारीक लाटा असायच्या, एखाददुसऱ्या अंशाच्या. मॅडम त्यांना सुरकुत्या म्हणायच्या. खाली वादळ उठलं की हवेला धक्का बसतो आणि तो लाटांनी वर जातो, विहिरीत दगड टाकल्यावर पाणी हलावं तसा. त्याच त्या सुरकुत्या. खाली पृथ्वी तापते आहे तसं वरचं स्थितांबर थंड होत चाललं आहे, हेही मी त्यांच्याकडूनच शिकले. "गोधडी जाड झाली की आतल्याले गरमी होते," त्या म्हणायच्या, "पण गोधडीवर वरून हात ठेव. गारच लागन."

एका बाबतीत मात्र त्या कडक होत्या. "मोजलं तेवढंच बोल," हे त्यांचं बोलणं मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणेन. एकदा मी अहवालात 'स्पष्टपणे दिसून येते' असं लिहिलं. त्यांनी मला उभं केलं. "स्पष्टपणे कोणाले दिसलं? तुले का उपग्रहाले?" मी म्हटलं, "मॅडम, आलेखात दिसतं आहे." त्या म्हणाल्या, "दिसते, पण इतक्या मोजण्यांत दिसते, अन् इतकी चूक असू शकते. हे 'पण' लावल्याशिवाय वाक्य संपवायचं नाही, बेटा. 'पण' नाही लावलं की माणूस खोटं बोलाले लागते आणि त्याले समजत बी नाही." माझ्या कितीतरी वाक्यांना त्यांनी लाल शाईनं 'पण' जोडलेलं आहे.

त्यांच्या आयुष्यात उलथापालथ झाली ती अब्बांच्या एका प्रश्नानं. एका वर्षी फेब्रुवारीत आमच्या भागात मोठी गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी अब्बांच्या दुकानात शेतकरी येऊन नुसते बसले. कोणाकडे दुरुस्तीला मोटर नव्हती. घरी बसवेना म्हणून आले होते. अब्बांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि घरी आल्यावर मुलीला विचारलं, "बेटी, तेरे ऊपर के आसमान में ये नहीं दिखता क्या?" मॅडम म्हणाल्या, पाहून सांगते. पाहून होण्याआधीच अब्बा गेले. हृदयविकाराचा झटका आला आणि दुकानातल्या दुकानात संपले. मॅडमनी मला हे एकदाच सांगितलं, तेही डब्याचं झाकण लावता लावता. पण त्यानंतर त्या फक्त आभाळ मोजत नव्हत्या. त्या अब्बांना उत्तर शोधत होत्या.

आणि उत्तर सापडल्यासारखं वाटलं. जुन्या गारपिटीच्या दिवसांच्या मोजण्या काढल्या, तर त्यातल्या काहींमध्ये गारा पडण्याच्या आधीच वर सुरकुत्या वाढलेल्या दिसल्या. मॅडम त्या दिवशी प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालत होत्या. "सीमा, पाय ना, पाय. गारा खाली पडण्याआधी वर खळबळ सुरू होते. या अल्लाह, हे जर खरं असन ना..." त्यांनी माझे दोन्ही हात धरले होते. पुढे कॉलेजच्या एका कार्यक्रमात त्या यावर बोलल्या. बोलताना 'शक्यता' हा शब्द वापरला, 'अजून तपासायचं आहे' हेही म्हणाल्या. गावातल्या एका वर्तमानपत्रानं मात्र ठळक छापलं, 'आता गारपीट आधीच कळणार, नेरच्या प्राध्यापिकेचा शोध'. मॅडमनी फोन करून दुरुस्ती मागितली. ती छापून आली नाही. प्राचार्यांनी ती बातमी मोठी करून फलकावर लावली.

मग माणसं यायला लागली. शेतकरी, बागायतदार, एक-दोन सरपंच. ज्या माणसांनी आजवर मोटर वाइंडिंगच्या दुकानात अब्बांशी बोलताना या मुलीकडे मान वळवली नव्हती, ती आता तिच्यासमोर खुर्चीवर बसून विचारत, "मॅडम, औंदा काय दिसून राह्यलं वर?" मॅडम म्हणायच्या, "अजून पाहून राह्यली, भाऊ. पक्कं नाही." ते मान डोलवायचे, पण 'पक्कं नाही' हे ऐकायला ते आलेले नसायचे. आणि खरं सांगायचं तर मॅडमनाही त्यांचं येणं आवडत होतं. का नसावं? आयुष्यभर ज्यांच्यासाठी आपण काहीतरी करावं असं वाटलं, ती माणसं पहिल्यांदा दारात आली होती.

तपासायचं काम माझ्याकडे आलं. आणखी वर्षांच्या मोजण्या घ्यायच्या आणि तोच नियम लावून पाहायचा. जसजशी वर्षं वाढत गेली तसतसा तो नियम हातातून निसटत गेला. सुरकुत्या होत्या त्या कितीतरी दिवशी खाली काहीच झालं नव्हतं. गारा पडल्या त्या कितीतरी दिवशी आमच्यावरून एकही मोजणी गेलेली नव्हती. शिवाय लांबच्या वाऱ्यांमुळेही सुरकुत्या उठतात. मी आलेख दाखवला की मॅडम माझ्यावर चिडायच्या. "हा दिवस काढ. त्या दिवशीची नोंद खराब हाये." दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, "फक्त नेर नको घेऊ, अमरावती धरून पाय." मी तसं करायचे. काही जमायचं नाही. त्या जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी न्यायला लागल्या. एकदा मी हळूच म्हटलं, "मॅडम, मोजलं तेवढंच..." त्यांनी हातातला आलेख खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मले शिकवून राह्यली?" आणि लगेच, अगदी हळू आवाजात, "अजून थोडे दिवस दे मले, बेटा. अजून थोडे."

त्या थोड्या दिवसांतच ते झालं. मार्चची सुरुवात होती. दादाचा हरभरा सोंगायला, म्हणजे कापायला आला होता. आभाळ भरून यायचं आणि फाकायचं. टीव्हीवर इशारा होता, पण तो अर्ध्या विदर्भासाठी होता आणि दादाला फक्त आपल्या शेताचं हवं होतं. सकाळी त्यानं मला फोन केला. "सीमा, मॅडमले विचार ना, आज सोंगाले मजूर लावू का थांबू?" मी फोन मॅडमच्या हातात दिला. त्यांच्यासमोर पहाटेची एक मोजणी होती, वर्ध्याकडून गेलेली. रेघ जवळजवळ सरळ होती. त्यांनी ती पाहिली आणि दादाला म्हणाल्या, "वर शांत दिसून राह्यलं, दिनेश."

त्यापुढे एक 'पण' हवं होतं. त्या दिवशी ते लागलं नाही.

दुपारी तीननंतर आमच्या शिवारावर गारा आल्या. आवळ्याएवढ्या, मग त्याहून मोठ्या. दादानं मजूर बायांना आधी बैलगाडीखाली ढकललं आणि स्वतः ताडपत्री ओढताना वर पाहिलं. एक गार थेट उजव्या डोळ्यावर बसली. बायांनी त्याला उचलून रस्त्यापर्यंत आणलं. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण डोळा वाचला नाही.

मॅडम दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आल्या. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं. बाबा त्यांना पाहून बाहेर निघून गेले. आईनं त्यांना बसायला स्टूल दिलं, पण त्या बसल्या नाहीत. दादाच्या खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, "दिनेश, मी रझिया."

"आवाज ओळखला," दादा म्हणाला. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. "तुमी शांत हाये म्हणल्या होत्या."

"हाव. म्हणली मी."

"मी थे 'जा' असं ऐकलं."

"तू बरोबर ऐकलं. त्याचा दुसरा मतलब होत नाही. मले माहीत नव्हतं, दिनेश. माहीत नसताना मी म्हणली. माहं चुकलं."

आईनं पदर तोंडाशी धरून विचारलं, "वरून दिसल्या नाही का हो मॅडम, एवढ्या मोठ्या गारा?"

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "नाही दिसत, ताई. मी लय शोधलं. थे वरून नाही दिसत."

तिथून त्या घरी गेल्या नाहीत. बसनं थेट प्राचार्यांकडे गेल्या आणि फलकावरची बातमी काढा म्हणाल्या. प्राचार्यांना वाईट वाटत होतं, पण कॉलेजच्या तपासणीसाठी समिती यायची होती. ते म्हणाले, "मॅडम, चूक झाली ती झाली. पण ती आत्ताच चारचौघांत सांगायची काय गरज आहे? समिती जाऊ द्या." मॅडम म्हणाल्या, "तोवर आणखी कोणी मले फोन केला तर, सर?" आणि त्यांनी ती बातमी स्वतःच्या हातानं फाडून काढली. त्यांच्यासोबत आलेली मी दारात उभी राहून हे सगळं ऐकत-पाहत होते.

मग त्या नेरजवळच्या आमच्या खेड्यात आल्या. समाजमंदिरात लोक जमले होते. माणसं जमिनीवर, बाया मागे भिंतीशी. शेतांतला हरभरा आणि गहू चिखलात गेला होता आणि सगळ्यांचे चेहरे तसेच होते. मॅडम डोक्यावर ओढणी घेऊन समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या उपग्रहांबद्दल काही समजावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मी वरच्या हवेची थंडी मोजते. त्यातून गारपीट समजन असं मले वाटलं होतं. मी तपासलं. नाही समजत. पेपरात छापून आलं थे खरं नाही. यापुढं गारपिटीचं मले कोणी विचारू नका. माह्या बोलण्यावर इश्वास ठेवून कोणी शेतात गेलं असन, तर माहं चुकलं."

कुणीतरी मागून ओरडलं, "आता सांगून काय उपयोग?" दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. मग पुढे बसलेले गुलाबरावकाका म्हणाले, टोमणा नव्हता त्यात, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, "मंग बाई, थे वरची थंडी मोजून तरी आमाले काय फायदा?"

वर्गात मॅडम या प्रश्नावर तासभर बोलू शकत होत्या. पृथ्वीच्या तापण्याबद्दल, त्या गोधडीबद्दल. पण तिथे, त्या लोकांसमोर, त्यांच्याकडून काही निघेना. शेवटी म्हणाल्या, "मले सांगता येत नाही, काका." आणि खाली बसल्या. त्यांना तसं बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, दोन्ही हात मांडीवर उताणे, काही मागत असल्यासारखे.

पुढच्या वर्षी कॉलेजनं त्यांना तासिका दिल्या नाहीत. त्या कायम नोकरीत नव्हत्याच. दरवर्षी नेमणूक नवी व्हायची, त्या वर्षी झाली नाही, एवढंच. कुणी कारण सांगितलं नाही. अब्बांच्या दुकानाच्या जागी तोवर मोबाइलचं दुकान आलं होतं. मॅडम नेर सोडून पुसदला बहिणीकडे गेल्या आणि अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवायला लागल्या. कागदावर माझे मार्गदर्शक पहिल्यापासून दुसरे एक सर होते, आता काम त्यांच्याकडेच गेलं, पण मी फोनवर सगळं त्यांनाच विचारत राहिले.

त्या काळात त्यांना एकच ध्यास लागला होता. गारपिटीचा आणि वरच्या सुरकुत्यांचा संबंध सापडत नाही, हे त्यांना छापून आणायचं होतं. सगळे दिवस, सगळ्या मोजण्या, एकही न गाळता, त्यांनी लेख लिहिला. तो परत आला. कारण काय, तर यातून नवीन काही हाती लागत नाही. दुसरीकडे पाठवला, तिथूनही परत आला. "अरे, नाही दिसत हे कोणाले तरी माहीत नको का?" फोनवर त्या जवळजवळ रडायच्या. "उद्या दुसऱ्या कोणत्या गावात माह्यासारखीच कोणी बसन, तिले सुरकुत्या दिसतीन, तिले बी वाटन सापडलं. अन् थ्या गावातला दिनेश तिले फोन करन. मंग?" मी त्यांची समजूत काढायचे. त्यांना समजूत नको होती. त्यांना तो लेख छापून हवा होता, आणि तो मला देता येत नव्हता.

मी माझ्या प्रबंधात ते एक प्रकरण म्हणून घातलं. सरांनी सुचवलं की ते काढ, परीक्षक उगाच अडवतील. मी काढलं नाही. मॅडम दर फोनला विचारायच्या, "हाये ना थे प्रकरण?" मी म्हणायचे, "आहे." मग त्या लांब श्वास सोडायच्या.

त्यांच्या किडन्या कधी बिघडल्या ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मला कळलं तोवर त्या डायलिसिसवर होत्या. मी पुसदला भेटायला गेले तेव्हा नसीम आपांनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. आतल्या खोलीत मॅडम पलंगावर होत्या. चेहरा सुजलेला, हात काटकीसारखे. खिडकीला जाड पडदा होता. मी जवळ बसले तशा त्या बोलल्या.

"जिंदगीभर वर पाह्यलं, बेटा. अन् अब्बाच्या एका सवालाचा जवाब नाही आणता आला."

मी म्हटलं, "आणलं ना मॅडम. दिसत नाही, हेच उत्तर आहे."

"अब्बाले जाऊन काय सांगू? नाही दिसत म्हणू?"

"हो. खरं तेच सांगा."

त्यांनी डोळे मिटले. "अब्बा रडतीन गं," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. निघताना त्यांनी विचारलं, "दिनेश कसा हाये?" मी म्हटलं, बरा आहे. खरं तर दादानं त्या दवाखान्यातल्या दिवसानंतर घरात मॅडमचं नावही काढलं नव्हतं. आम्हीही त्याच्यासमोर काढत नव्हतो.

माझी तोंडी परीक्षा व्हायच्या आधीच त्या गेल्या. सकाळी नसीम आपांचा फोन आला. मी पिशवी भरत होते तेव्हा दादा चप्पल घालून दारात उभा राहिला. "कोण हाये तुह्यासोबत?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "कोणी नाही." तो म्हणाला, "चाल." दारव्ह्यावरून, दिग्रसवरून आम्ही पुसदला पोचलो.

घरात बायांची गर्दी होती. मी नसीम आपांजवळ बसले. मॅडमचा चेहरा उघडा होता, आणि त्यावरची सूज उतरली होती. थोड्या वेळानं पुरुषांनी जनाजा उचलला. बाया कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून आम्ही दारातच राहिलो. गल्लीच्या वळणापर्यंत मला दिसत होतं. पुढच्या माणसानं खांदा बदलला आणि तिथे दादा शिरला. आपल्या गावचा नाही, ओळखीचा नाही, म्हणून कुणी त्याला अडवलं नाही. डोक्याला रुमाल बांधून तो वळणाआड गेला.

परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना माती होती. नसीम आपांनी त्याच्या हातावर पाणी घातलं. कोण आहे हे त्यांना मी सांगितलं होतं. दादा म्हणाला, "मूठभर माती मी बी टाकली, ताई."

परतीच्या बसमध्ये दिग्रस गेल्यावर मी त्याला विचारलं, "दादा, तुला आता राग नाही?"

"हाये ना. रोज आरशात पाह्यलं की येते."

"मग खांदा काहून दिला?"

"माह्यापाशी दवाखान्यात किती लोक आले होते," तो म्हणाला. "समदे म्हणत, दिनेश, नशीब तुहं. नशिबावर कसं रागवावं माणसानं? थ्या बाईनं माह्यासमोर उभी राहून म्हटलं, माहं चुकलं. तिनं मले रागवाले जागा देली, सीमा. नाही तर मी कोणावर रागवलो असतो?"

मग त्यानं काळा चष्मा काढला, रुमालानं दोन्ही डोळे पुसले, त्यातला काचेचासुद्धा, आणि तोंड खिडकीकडे केलं.